मिस टॉलिव्हरचा शेवट

कारण सांगितल्याशिवाय मिस टॉलिव्हर खुर्चीतून उठत नसत.

सन दोन हजारच्या सुमारास मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळच्या एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. नागपूरहून येऊन वर्ष झालं होतं. लायसन्सची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले होते आणि माझं इंग्रजी अजून आधी मनात जुळवून मगच तोंडातून बाहेर पडायचं. पहिल्याच आठवड्यात हेड नर्स ग्रेसने मला कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. म्हणाली, "पाय चांगले आहेत तिचे. पण चालत नाही. आधीच्या दोघींनी नाद सोडला. तू बघ."

खुर्चीत एक लहानखुरी, शंभरीला टेकलेली म्हातारी बसली होती. पांढरे केस मानेवर सरळ कापलेले, कपाळावर झुलपं. गडद लाल लिपस्टिक, ओठांच्या रेषेबाहेर जराशी पसरलेली.

"चला मिस टॉलिव्हर, भिंतीपर्यंत जाऊन येऊ."

"भिंतीपाशी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग काय आहे?"

"काही नाही. भिंत आहे."

"मग ती बाई उठेल कशाला?"

कुठली बाई, ते मला कळेना. मी इकडेतिकडे पाहिलं.

"ही खुर्चीतली," स्वतःकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "लोक बघतायत. ती उठली तर का उठली, हे त्यांना कळायला नको?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंग लॉट होता, त्यात पाच-सहा गाड्या होत्या. सुचेल ते बोलले, "तिथे एका गाडीचे दिवे चालू राहिलेत. गाडी तिच्या डॉक्टरची आहे."

"डॉक्टर तिला आवडतो?"

"नाही. परवा त्याने तिची कॉफी बंद केली."

मिस टॉलिव्हरनी खिडकीकडे मान वळवली. "मग ती बघायला जाईल," त्या म्हणाल्या, "पण त्याला सांगणार नाही." आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. आम्ही खिडकीपर्यंत गेलो. सगळ्या गाड्यांचे दिवे अर्थातच बंद होते. परत येऊन बसल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या जरा बरं कारण आण."

माझं नाव विचारलं. मी मृणालिनी म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "पाटीवर मावणार नाही. गाव कुठलं?"

"नागपूर."

"हे मावतं." तेव्हापासून मी नागपूर झाले.

पाटी म्हणजे मूकपटातली पाटी. चित्रं बोलत नसत त्या काळात पात्रांचं बोलणं मध्येच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दाखवत. त्या पाट्या लिहिणं हे मिस टॉलिव्हरचं पहिलं काम. पुढे त्या अख्ख्या पटकथा लिहायला लागल्या, आणि शेवटी निर्मात्याही झाल्या. हे सगळं मला ग्रेसने सांगितलं तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. आमच्याकडे एक आजोबा स्वतःला ॲडमिरल म्हणवत, आणि एक आजी रोज आपल्या लग्नाला निघालेली असे.

पण त्यांच्याजवळ बसलं की शंका उरत नसे. त्यांच्या कानावर शब्द पडला की तो जास्तीचा आहे का, हे त्या आधी बघत. ग्रेस जेवणघरात येऊन लांबलचक सूचना देई, की आज भाजीवाल्याची गाडी उशिरा आल्यामुळे आणि दुसरा स्वयंपाकी रजेवर असल्यामुळे टोमॅटोच्या सूपऐवजी वगैरे. मिस टॉलिव्हर शेजारणीकडे वळून सांगत, "सूप बदललं." डेरूममधल्या, म्हणजे सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या, टीव्हीचा आवाज त्या हाती रिमोट लागताच बंद करत. बाकीचे ओरडत. त्या म्हणत, "चेहरे बघा. काय ते कळतंच." पात्राने काय हवंय ते तोंडाने सांगितलं की ते पात्र मेलं, असं त्यांचं मत होतं. एकदा मी चालताना पावसाची गोष्ट रचायला लागले तर मला थांबवून म्हणाल्या, "पाऊस पाडायचा असेल तर आधी कुणाची तरी छत्री हरव."

मुक्या नटांची तोंडं वर्षानुवर्षं पाहून त्यांना ओठ वाचता यायचे. पडद्यावर नायक नायिकेला प्रेमाचं काही सांगतोय असं दिसायचं तेव्हा तो खरं तर तिला तिच्या श्वासाला येणाऱ्या कांद्याच्या वासाबद्दल शिव्या देत असायचा, असं त्या मिटक्या मारत सांगत. या विद्येचा उपयोग त्यांना म्हातारपणी कशासाठी झाला, ते मी एकदाच पाहिलं.

रिचर्ड म्हणून त्यांचा एक भाचा होता. तोच एक नातेवाईक. तो स्वतः सत्तरीपार, गुडघ्यांनी अधू, महिन्यातून एकदा यायचा. त्या दिवशी तो आधी ग्रेसच्या काचेच्या ऑफिसात शिरला. आम्ही कॉरिडॉरमध्ये चालत होतो. मिस टॉलिव्हर काचेसमोर थांबल्या. आतलं काही ऐकू येत नव्हतं. रिचर्ड हातवारे करत बोलत होता, ग्रेस मान हलवत होती. मग तो बाहेर आला, मावशीच्या गालाला गाल लावला आणि मोठ्याने म्हणाला, "छान दिसतेयस! पुढच्या महिन्यात येतो."

"फ्लोरिडात ऊन फार असतं," मिस टॉलिव्हर म्हणाल्या. "टोपी घालत जा."

रिचर्डचा चेहरा उतरला. तो काहीतरी पुटपुटला, की अजून घर नक्की झालेलं नाही, विमानाने येता येतंच. त्यांनी त्याचा हात थोपटला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "आत तो रडला. तेवढं बरं केलं त्याने." रिचर्ड त्यानंतर आला नाही. नाताळला फोन करायचा.

मी घरी हे सगळं अमोलला, माझ्या नवऱ्याला सांगायची. तो सॉफ्टवेअरमधला, त्याला कुठलीही गोष्ट कळली की ती आधी इंटरनेटवर पडताळून पाहायची सवय. एका रविवारी त्याने हाक मारली, "अगं ए, इकडे ये. सापडली तुझी बाई. यार, हिने तर ढीगभर पिक्चर लिहिलेत!"

खरंच होतं. चित्रपटांच्या नावांची रांग होती आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: हरवलेला. हरवलेला. हरवलेला. सगळ्यात वर त्यांचं नाव, आणि नावापुढे: मृत.

"मेल करून करेक्ट करायला सांगू का?" अमोलने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत हे मिस टॉलिव्हरना सांगितलं. त्या हसल्या. "राहू दे. एक काम कमी झालं."

त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. खुर्ची ते खिडकी आणि खिडकी ते खुर्ची, या अंतरात जेवढी मावेल तेवढी.

जन्म हडसन नदीकाठचा, न्यू जर्सीचाच. हॉलीवूडच्या आधी सिनेमाचे कारखाने तिथे, नदीवरच्या कड्यांवर होते. शाळा सुटल्यावर व्हर्ना टॉलिव्हर नावाची मुलगी तिथे टायपिंग करायची. टाइप करताना स्पेलिंग दुरुस्त करायची, पुढे कंटाळवाणे प्रसंगही दुरुस्त करायला लागली. दिग्दर्शकाच्या लक्षात आलं तेव्हा तो आधी रागावला आणि मग त्याने तिला स्वतंत्र टेबल दिलं. कारखाने पश्चिमेला गेले तशी तीही गेली. "तेव्हा अर्ध्या गोष्टी आम्ही बायकाच लिहायचो," त्या म्हणत. "कुणाला हा धंदा वाटत नव्हता तोवर." एका कुत्र्यासाठी त्यांनी कितीतरी चित्रपट लिहिले. कुत्रा फार चांगला नट होता, असं त्या अगदी गंभीरपणे सांगत.

स्टुडिओच्या मालकाचा एकच नियम होता. लोक थिएटरातून हसत बाहेर पडले पाहिजेत. म्हणून शेवटी लग्न, नाहीतर चुंबन, नाहीतर हरवलेलं पोर सापडलं पाहिजे. मिस टॉलिव्हरनी वर्षानुवर्षं असे शेवट लिहिले. मग एक गोष्ट अशी सुचली की तिला तो शेवट लावणं त्यांना जमेना. मालक ऐकेना. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, इलोना नावाची एक हंगेरियन नटी आणि एक कॅमेरामन एवढ्यांना घेऊन स्वतःची कंपनी काढली, आणि उत्तरेकडच्या एका कोळ्यांच्या गावात भर थंडीत तो चित्रपट काढला. नाव 'मिठाचं घर'.

"गोष्ट काय होती?" मी विचारलं.

"ॲनाचा नवरा समुद्रावर जातो आणि येत नाही. बुडाला की दुसरीकडे गेला, कुणाला ठाऊक नाही. ती मासे खारवते, आणि दाराची कडी लावत नाही. हिवाळाभर दार नुसतं लोटलेलं. बर्फ आत येतं. पोरं कोट घालून जेवतात. सगळा चित्रपट एवढाच."

"आणि शेवट?"

त्या खिडकीशी थांबल्या. माझा हात सोडून त्यांनी आपला उजवा हात वर केला, हवेतच काहीतरी धरलं आणि हळूच आडवं सरकवलं.

"ती उठते आणि कडी लावते. मग येऊन पोरांना वाढते. पाटी नाही. एक शब्द नाही."

मग म्हणाल्या, "माझा बाप नदीत कोळसा वाहणाऱ्या पडावावर होता. आईने एका रात्री कडी लावली. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा कोट काढून जेवलो. ती काहीच बोलली नाही. मी आयुष्यभर पाट्या लिहिल्या नागपूर, पण त्या वेळी ती बोलली असती तर काय बोलली असती, हे मला लिहिता आलं नाही."

चित्रपट पुरा होईतो बोलपट आले. मुका चित्रपट कोणी लावेना. ज्या कंपनीने तो लोकांपर्यंत पोचवायचा होता तिने तो आपल्या ताब्यात घेतला, आणि शेवट स्टुडिओत नव्याने, आवाजासकट काढायचा ठरवला. मिस टॉलिव्हर भांडायला गेल्या. एरवी टोपी काढून नमस्कार करणाऱ्या दरवानाने त्यांना फाटकातून आत सोडलं नाही. त्याला तसं सांगितलेलं होतं. चित्रपट लागला तेव्हा त्या थिएटरच्या दारापर्यंत गेल्या, आतून टाळ्या ऐकल्या आणि मागे फिरल्या. नवा शेवट त्यांनी कधी पाहिलाच नाही. पुढे दोन-तीन वर्षं दुसऱ्यांचे संवाद डागडुजी करून दिले. मग तेही काम येईना. न्यू जर्सीला परतल्या आणि निवृत्त होईपर्यंत एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं. त्यांचे काही चित्रपट गोदामाच्या आगीत गेले. बाकीचे फिल्ममधल्या चांदीसाठी वितळवले. "कुणाच्या तरी चमच्यात असेन मी," त्या म्हणत.

असं सगळं संपलेलं होतं. संपलेलंच राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

एका शरद ऋतूत एक प्रोफेसर आले. लांबून, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातून. उंच, वाकलेले, फार सभ्य. पेनसिल्व्हेनियातल्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या रंगमंचाखाली त्यांना काही डबे सापडले होते. बहुतेकांत नुसती भुकटी होती. एकाच डब्यातलं रीळ वाचलं होतं. ते स्वच्छ करून घेतल्यावर त्यांनी रिचर्डला शोधून काढलं, आणि रिचर्डने फ्लोरिडातून आमचा पत्ता दिला.

"'मिठाचं घर'चं शेवटचं रीळ आहे, मिस टॉलिव्हर," ते त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवे बसून म्हणाले.

मिस टॉलिव्हरचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "कुठला शेवट?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... चित्रपटाचा शेवट."

"दार आहे?"

"आहे ना!" प्रोफेसर खूश होऊन म्हणाले. "सगळा प्रसंग दारापाशीच आहे."

चित्रपटाचा शेवट मागून बदलला होता, हे प्रोफेसरना बहुधा तेव्हा माहीतच नसावं. आणि मिस टॉलिव्हरना आठवलं, की कंपनीने ताबा घ्यायच्या आधी त्यांनी स्वतः एक प्रत पूर्वेकडे पाठवली होती, एका छोट्या गावात लोकांना कसा वाटतो ते बघायला. गाव आठवत नव्हतं. पेनसिल्व्हेनियाच असेल. का नसेल?

प्रोफेसर डीव्हीडी घेऊन पुन्हा येईपर्यंतचे ते दिवस मिस टॉलिव्हर कारण न विचारता चालल्या. मी कारण जुळवून तयार असायची, त्या आधीच हात पुढे करून बसलेल्या असायच्या.

दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. डेरूममध्ये खुर्च्या मांडल्या, ग्रेसने केक आणला, त्यावर निळ्या क्रीमने अभिनंदन लिहिलेलं. गावातल्या छोट्या वर्तमानपत्राचा एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता. अमोलही हाफ डे टाकून आला होता. मिस टॉलिव्हरना सगळ्यात पुढे बसवलं. मी त्यांच्या शेजारी.

पडद्यावर आधी ओरखडे आले, मग त्यांचं नाव. मग एक काळोखं घर. टेबलाशी कोट घातलेली दोन पोरं. इलोना. ॲना झालेली, हात मिठाने फुटलेले. काही आवाज नव्हता. मिस टॉलिव्हरनी माझं मनगट धरलं. त्या कुजबुजल्या, "हा माझा. हा शॉट माझा आहे."

इलोना उठली. दाराकडे पाहिलं. चालत गेली. तिचा हात कडीकडे गेला.

चित्र उडालं. टीव्हीतून एकदम खरखर आली आणि तिच्यामागून व्हायोलिनं. दार बाहेरून ढकललं गेलं, आणि कोळ्याच्या वेशातला एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस आत येऊन म्हणाला, "ॲना, मी आलो!" इलोनाच्या तोंडून भलत्याच कुठल्यातरी गोड मुलीचा आवाज निघाला, "मला ठाऊक होतं!" पोरं धावली.

डुलक्या काढणारे आजी-आजोबा त्या आवाजाने जागे झाले. ॲडमिरल टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच. कुणीतरी डोळे पुसले. माझ्या मनगटावरची पकड सुटली.

प्रोफेसर मायक्रोफोन घेऊन वाकले. "दोन शब्द, मिस टॉलिव्हर?"

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

लोक हसले. त्यांना तो विनय वाटला.

"माझं नाव काढा त्यावरून."

मग प्रोफेसरना कळलं. ते मागे राहिले, त्यांनी मिस टॉलिव्हरची सगळी हकिगत टेपवर घेतली. कडीची, आईची, दरवानाची. त्यांचा विश्वास बसला होता, हे मला दिसत होतं. पण नाव कसं काढणार? ते रिळावरच होतं. "आणि मिस टॉलिव्हर," ते अगदी हळू म्हणाले, "तुमचं दुसरं काहीच उरलेलं नाही. हे काढलं तर तुम्ही कुठेच नसाल."

"चालेल," त्या म्हणाल्या. "तेच बरं."

तसं झालं नाही. प्रोफेसरांच्या लेखात एक वाक्य आलं, की लेखिकेच्या आठवणीप्रमाणे तिच्या मनात वेगळा शेवट होता. वर्तमानपत्रात केकसोबतचा फोटो आला आणि खाली ते "ॲना, मी आलो" छापलेलं. डीव्हीडी प्रोफेसर आश्रमाला भेट देऊन गेले. तिनेच घात केला. ग्रेस मनाची फार चांगली. तिला वाटे, म्हातारीचं कौतुक व्हावं. कुणाचे पाहुणे आले की ती डीव्हीडी लावे. शाळेची मुलं गाणी म्हणायला आली की लावे. पुढे दर रविवारी लावायला लागली, कारण बाकीच्यांना ते आवडायचं. टीव्हीवर आपल्यातलं कुणी असण्याची ती एकच वेळ. मिस टॉलिव्हर सुरुवातीला तोंड फिरवून बसत. मग खोलीतून बाहेर येईनात. मी ग्रेसला सांगून पाहिलं. ग्रेस म्हणाली, "अगं, किती सुंदर शेवट आहे! तिला कळत नाहीये."

त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या उठल्या, पण पूर्वीसारख्या नाही. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नसे. कधी मला नागपूर म्हणत, कधी इलोना. आता त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून दिवसभर डेरूममध्येच बसवत, टीव्हीसमोर. रविवारीसुद्धा.

मी त्यांना चालवतच होते. एका सकाळी कारण म्हणून सांगितलं, "मिस टॉलिव्हर, दाराची कडी राहिलीय लावायची. चला."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तो यायचाय."

मला आधी वाटलं, त्या रिचर्डबद्दल बोलतायत. "कोण यायचाय?"

"ॲनाचा नवरा."

मी त्यांच्यापुढे खाली बसले. "मिस टॉलिव्हर, तो येत नाही ना? ॲना उठते आणि..." मी हात वर करून त्यांनी दाखवलं होतं तसं हवेत सरकवलं. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. नव्या माणसाकडे बघावं तशा.

"येतो की," त्या समजुतीने म्हणाल्या. "मी पाहिलंय."

मी पुढेही एक-दोनदा प्रयत्न केला. एकदा त्या गोंधळल्या आणि रडायला लागल्या. मग मी तो विषय काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अमोलला अर्विंगला नोकरी मिळाली आणि आम्ही टेक्ससला निघालो. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना भेटून सगळ्यात शेवटी मिस टॉलिव्हरकडे गेले. माझ्या जागी आलेली मुलगी त्यांच्यापाशी स्टूल घेऊन बसली होती. कॉलेजमधून नुकती निघालेली, उत्साही. मी मिस टॉलिव्हरचा हात हातात घेतला, "येते" म्हणाले. त्यांनी सभ्यपणे मान लववली, भेटायला आलेल्या कुणालाही लववावी तशी, आणि त्या पुन्हा त्या मुलीकडे वळल्या. त्यांची गोष्ट अर्धवट राहिली होती.

मी दारापर्यंत जाऊन मागे पाहिलं. उन्हात बसल्या होत्या. चेहरा शांत, आनंदी म्हणावा असा. गेल्या चार वर्षांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

"आणि मग दार उघडतं," त्या सांगत होत्या. "तो आत येतो. म्हणतो, ॲना, मी आलो."

"किती गोड!" मुलगी म्हणाली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच," मिस टॉलिव्हर म्हणाल्या. "स्टुडिओवाल्यांना हा शेवट नको होता. फार भांडले मी याच्यासाठी."